पाहुणे म्हणून येऊ नका, बारा आठवडे या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळेतल्या मुलांना बिझनेस शिकवायला पाहिजे, अशा अर्थाची पत्रं हल्ली पेपरात बरीच दिसतात. दर वेळी मी अर्ध्यापर्यंत मान डोलावते आणि शेवटाला येईपर्यंत चिडलेली असते, कारण शिकवणार कोण, किती दिवस आणि नेमकं काय, हे त्यात कुठंच नसतं. 'यशस्वी उद्योजकांनी शाळांमध्ये जाऊन मार्गदर्शन करावं' एवढं लिहिलं की पत्र संपतं. मी गेली काही वर्षं आठवड्यातून एकदा एका शाळेत आठवी-नववीच्या पोरांना हा विषय शिकवायला जाते, पगार वगैरे काही नाही, आपली हौस. तर त्या अनुभवावरून चार गोष्टी लिहाव्यात म्हटलं. लांबलं तर कात्री लावा.

आधी माझं सांगते. मी यशस्वी उद्योजक नाही. वीस वर्षं छोटा छापखाना चालवला आणि मग बंद केला. पहिल्यांदा शाळेत गेले तेव्हा हे अर्थातच सांगितलं नव्हतं. छान स्लाइड्स करून नेल्या होत्या, स्वप्नं बघा, रिस्क घ्या, नोकरी मागणारे नको नोकरी देणारे व्हा, सगळं ठरलेलं. चाळीस मिनिटं बोलले. पोरं शांत होती, म्हणजे मागच्या बाकावर एक जण झोपला होता आणि बाकीचे घड्याळ बघत होते. शेवटी 'काही प्रश्न?' म्हटलं तर एका मुलीने विचारलं, मॅडम, तुमचा छापखाना कुठंय, आम्हाला बघायला नेता का? म्हटलं, आता नाहीये. तर ती म्हणाली, का?

त्या 'का'चं उत्तर देता देता पुढचा तासही संपला, गणिताच्या सरांनी त्यांचा तास दिला म्हणून निभावलं. एकच मोठं गिऱ्हाईक, निम्म्याहून जास्त काम त्याच्याकडून यायचं, म्हणून त्याला नाही म्हणता यायचं नाही, म्हणून उधारी वाढत गेली, कागदवाल्याला मात्र पैसे वेळेवर द्यायला लागायचे, मशीनचा हप्ता वेगळाच, आणि एक दिवस त्या गिऱ्हाइकाने काम दुसरीकडे दिलं. वर्षाचा हिशोब काढला तर नफा दिसायचा हो, पण पगाराच्या दिवशी गल्ल्यात पैसे नसायचे! नफा असून पैसे नाहीत हे कसं, यावर पोरांनी मला इतकं पिडलं की शेवटी फळ्यावर दोन रकाने काढून दाखवावं लागलं. झोपलेला मुलगा जागा झाला होता.

तेव्हापासून स्लाइड्स बंद.

हे आपणच नव्याने शोधलं असं वाटायचं मला, पण थोडं वाचल्यावर कळलं की ही गाडी शंभर वर्षं जुनी आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला 1919 मध्ये ज्युनियर अचीव्हमेंट नावाची संस्था सुरू झाली, त्यात कागद कारखानदार होरेस मोझेस होते, टेलिफोन कंपनीचे थिओडोर व्हेल होते आणि सिनेटर मरे क्रेन. त्यांचं काम भाषणांचं नव्हतंच. शाळा सुटल्यावर पोरांचे क्लब भरायचे, पोरं काहीतरी वस्तू बनवायची आणि विकायची, आणि धंद्यातली मोठी माणसं बाजूला बसून मदत करायची. वर्गात शिरले ते कितीतरी नंतर, 1975 च्या सुमारास. ब्रिटनमध्ये वॉल्टर सॉलोमन यांनी 1962 मध्ये यंग एंटरप्राइझ काढलं तेही याच धर्तीवर. या दोन्हीकडच्या कंपनी प्रोग्रॅमचा साचा अजून तोच आहे: पोरांनी छोटे शेअर विकून भांडवल उभं करायचं, पदं वाटून घ्यायची, माल बनवायचा, विकायचा, हिशोब लिहायचा, आणि वर्ष संपताना कंपनी रीतसर बंद करून शेअरवाल्यांचे पैसे परत करायचे, जे उरले असतील ते.

यातला शेवटचा भाग आपल्याकडचे उत्साही लोक हमखास गाळतात. सुरू करायची हौस सगळ्यांना. बंद कसं करायचं हे कोणी शिकवत नाही. मला तर वाटतं सगळ्यात जास्त शिक्षण तिथंच आहे.

आमच्या पोरांचं उदाहरण देते, आकडे सोपे करून. एका गटात आठ जण. छापखान्यात कटिंग करताना कागदाच्या पट्ट्या उरतात, त्या शिवून छोट्या वह्या करायच्या असं त्यांनी ठरवलं (कल्पना माझीच होती, खोटं कशाला बोलू). दहाचा एक असे चाळीस शेअर विकले, भांडवल 400. साठ वह्या बनवल्या, पट्ट्या, पुठ्ठा, दोरा, गोंद धरून वहीला 6 खर्च, विकायची 10 ला. म्हणजे कागदावर नफा 240. पोरं खूश, त्यातून काय काय करायचं याच्या याद्या तयार! शेवटी गल्ला मोजला तर नफा निघाला 90.

मधले दीडशे कुठं गेले यावर आम्ही अख्खा एक तास घालवला आणि तो माझ्या मते वर्षातला सगळ्यात भारी तास होता. आधी एकमेकांवर संशय, खजिनदार रडकुंडीला आलेली. मग एकेक वही शोधायला लागले. दहा विकल्याच गेल्या नव्हत्या, कोणाच्या तरी दप्तरात पडून होत्या. बारा वह्या दोस्तांना उधार दिलेल्या, त्यातल्या सातांचे पैसे आले, पाच बुडाले. दहा आणि पाच पंधरा, पंधरा दाहे दीडशे. एक आकडासुद्धा इकडचा तिकडे नाही. त्या दिवशी उधारी हा शब्द त्यांना जसा कळला तसा मला वीस वर्षांत कळला नसावा.

मग मी विचारलं, हे 90 तरी खरे का? नऊ आठवडे, आठवड्याला साधारण एकेक तास प्रत्येकाने दिलाय, आठ जण, म्हणजे 72 तास. भागाकार करा. तासाला सव्वा. वर्ग गप्प. मग एक जण हळूच म्हणाला, मॅडम आपण मजुरी धरलीच नाही. नाही धरली. कितीतरी मोठी माणसं आयुष्यभर धरत नाहीत, घरातल्या बायकांची तर नाहीच नाही, घरचंच तर काम आहे म्हणतात. ते मी पोरांपुढे जरा जास्तच तावातावाने बोलले बहुतेक, असो.

दुसऱ्या गटाचं तर दिवाळंच निघालं. शुभेच्छापत्रं केली होती, दिसायला वह्यांपेक्षा कितीतरी सुंदर, पण बनवायच्या आधी एकाही माणसाला विचारलं नव्हतं की घेशील का. भांडवल यांचंही 400 होतं, 300 खर्च, 180 आले. दहाच्या शेअरवर सातच परत देता आले. आता इथं बाईंचा आणि माझा वाद झाला. वर्गशिक्षिका म्हणाल्या, अहो लहान आहेत, खट्टू होतील, आपण पदरचे घालून दहा पूर्ण करू. माझं म्हणणं, नको, सातच देऊ दे, पण ज्याचा शेअर आहे त्याच्यासमोर उभं राहून हिशोब दाखवून देऊ दे. बाईंनी ऐकलं, नाराजीनेच. पोरं प्रत्येक शेअरवाल्याकडे गेली, कुणी हसले, कुणी 'जाऊ दे रे, ठेव ते सात पण' म्हणाले (ते ठेवून घ्यायचे नाहीत असं आधीच ठरलं होतं). एका आजोबांनी मात्र चष्मा लावून सगळा हिशोब तपासला, एक चूक काढली आणि मगच सात घेतले. पोरांनी त्या आजोबांची भीती घेतली, पण सगळ्यात जास्त गोष्टी त्यांच्याच सांगतात.

पालकांबद्दल पण लिहायलाच हवं. पहिल्या वर्षी एका गटाचा सगळा माल एका दिवसात खपला, आम्ही टाळ्या वाजवल्या, नंतर कळलं की एका मुलाच्या बाबांनीच सगळा उचलला होता. प्रेमापोटी, मान्य आहे. पण त्याने पोरांचं नुकसान झालं, कारण अनोळखी माणूस आपली वस्तू हातात घेतो, उलटीपालटी करतो, 'नको' म्हणून ठेवून देतो, तो क्षण त्यांच्या वाट्याला आलाच नाही. तेव्हापासून नियम केलाय, घरच्यांना एकच नग. दुसरीकडे असेही पालक आले की पोरांना अभ्यास सोडून धंद्याला लावताय का? त्यांना पोरांची हिशोबाची वही दाखवली, टक्केवारी, सरासरी, आलेख, पत्रलेखन सगळं त्यातच आहे. निम्मे पटले, निम्मे नाही. सगळ्यांना पटेल असं काही नसतं.

आता थोडं अभ्यासाचं, कारण माझे अनुभव म्हणजे काही पुरावा नाही. नेदरलँड्समध्ये उस्टरबेक, फान प्राग आणि आयसेलस्टाइन या तिघांनी एका व्यावसायिक कॉलेजातल्या मुलांवर अशाच मिनी कंपनी कोर्सचा परिणाम तपासला, 2010 मध्ये छापून आलं. निकाल काय, तर उद्योजकतेच्या कौशल्यांमध्ये सांगण्यासारखा फरक नाही आणि धंदा काढायची इच्छा उलट कमी झाली! हे वाचून मी दोन दिवस नाराज होते. मग त्याच देशात 2014 मध्ये अकरा-बारा वर्षांच्या मुलांवर अभ्यास झाला, त्यात फान प्राग बाईही होत्या, तिथं उलटं दिसलं: धंद्याच्या माहितीत वाढ नाही, पण चिकाटी, पुढाकार, आत्मविश्वास, जोखीम पेलायची तयारी असल्या गोष्टींमध्ये वाढ. म्हणजे व्याख्या पाठ झाल्या नाहीत, स्वभावाला वळण मिळालं. लहान वयात सुरू करा, असं निदान मी तरी त्यातून घेतलं.

आणि ती 'इच्छा कमी झाली' वाली गोष्ट, तिच्यावर मी बराच विचार केला. आमच्या वर्गात एक मुलगा आहे, घरी छोटं दुकान, शाळा सुटली की तो गल्ल्यावर. सुट्टे पैसे तोंडी हिशोबाने माझ्या आधी सांगतो. उधारी देऊ नका असं वह्यांच्या गटाला बजावणारा तोच एकटा होता, कोणी ऐकलं नाही. मी कौतुकाने म्हटलं, तू तर मोठा व्यापारी होणार. तर म्हणाला, नाही मॅडम, मला नोकरीच करायचीय, रविवारी सुट्टी मिळते. आता याला मी नापास म्हणू का? त्याने धंदा आतून बघितलाय, किंमत माहितीये आणि पूर्ण शुद्धीत नाही म्हणतोय. स्टेजवरून 'नोकरी देणारे व्हा' म्हणून ओरडणाऱ्या पाहुण्याला हा मुलगा कुठं बसवता येणार? शिवाय वर्गात निम्म्या पोरांचे आईबाप नोकरीच करतात, त्यांच्यासमोर नोकरीला कमी लेखणं मला तरी बरं वाटत नाही. कोर्स संपताना दोन पोरं म्हणाली आम्हाला हे आवडलं आणि दहा म्हणाली हे आपलं काम नाही, तरी माझ्या लेखी बाराच्या बारा पास.

दुसरा एक अभ्यास पोरांवरचा नाही, मोठ्या माणसांवरचा आहे, पण काय शिकवायचं यासाठी मला तो फार उपयोगी पडला. टोगो देशात 1500 लहान व्यावसायिक घेतले, काहींना नेहमीचं बिझनेस ट्रेनिंग, म्हणजे हिशोब, मार्केटिंग वगैरे, काहींना पुढाकार घ्यायचं ट्रेनिंग, म्हणजे आपणहून संधी शोधणं, अडचण आली तरी न सोडणं, दुसऱ्यासारखंच न करता वेगळं काही करून बघणं, आणि काहींना काहीच नाही. 2017 मध्ये सायन्स मासिकात आलं: पुढाकारवाल्यांचा नफा 30 टक्क्यांनी वाढला, नेहमीच्या ट्रेनिंगवाल्यांचा 11 टक्के दिसला पण तो योगायोगही असू शकेल इतपतच. म्हणून मी आता हिशोब शिकवते खरी, पण आधी पोरांना पंधरा अनोळखी माणसांकडे प्रश्न घेऊन पाठवते, अर्थात शिक्षक सोबत असतात.

वेळेचं. फिनलंडमध्ये सहावीच्या मुलांसाठी यृत्यस्क्युला नावाचं छोटं नकली गाव असतं, तिथं पोरं एक दिवस बँकेत, दुकानात, पालिकेत काम करतात, पगार घेतात, खर्च करतात. फोटो सगळे त्या एका दिवसाचे काढतात. पण त्या दिवसाआधी वर्गात शिक्षकांनी त्यावर दहाएक तास घेतलेले असतात, ते फोटोत येत नाहीत. आपल्याकडे कसं होतं, तो एकच दिवस उचलायचा, बॅनर लावायचा, पाहुणे आणायचे, सर्टिफिकेट वाटायची, दुसऱ्या दिवशी सगळं विसरायचं. पाहुण्यांनाही तेच सोयीचं, एक तास दिला की समाजसेवा झाली.

अगदी निरुपयोगी म्हणत नाही मी. ब्रिटनमध्ये मॅन आणि पर्सी यांनी तरुणांच्या एका पाहणीचा अभ्यास केला, त्यात शाळेत असताना बाहेरच्या कामधंद्यातल्या माणसांशी चार किंवा जास्त वेळा गाठ पडल्याचं ज्यांना आठवत होतं, ती मुलं पुढे ना शिक्षण ना काम अशा अवस्थेत अडकायचं प्रमाण पाचपट कमी होतं, आणि जी कामाला लागली त्यांची कमाई सरासरी 16 टक्के जास्त. आठवणीवरचा अभ्यास आहे, त्यामुळे भेटींमुळेच सगळं झालं असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण 'चार किंवा जास्त' हे शब्द बघा. एकदा नाही.

म्हणून मी बारा आठवडे म्हणते. पहिले दोन आठवडे पोरं तुम्हाला जोखत असतात, तिसऱ्याला खरं बोलायला लागतात, सातव्या-आठव्याला हमखास भांडणं होतात (मी काम केलं, तो नुसता बसला होता, ही), ती मिटवायला तुम्ही तिथं पाहिजे. आणि मिटवायची म्हणजे आपण निकाल द्यायचा नाही, गप्प बसायचं. हे मला सगळ्यात अवघड गेलं. छापखान्यात मी मालकीण होते, मला सांगायची सवय. पुठ्ठा उलटा चिकटवताना दिसतंय आणि बोलायचं नाही, हात नुसते शिवशिवतात! पण तुम्ही पुठ्ठा सरळ केला की ती कंपनी तुमची झाली.

ज्यांना यावंसं वाटतं त्यांच्यासाठी काही रोखठोक गोष्टी. शाळा तुमची ओळखपत्रं, चौकशी, काय मागेल ते आनंदाने द्या, 'मी इतका मोठा माणूस आणि माझीच चौकशी' असं वाटत असेल तर येऊच नका. वर्गात शिक्षक असल्याशिवाय पोरांना एकटं शिकवायचं नाही, त्यांचे फोन नंबर घ्यायचे नाहीत, ग्रुप करायचा असेल तर शाळेने करावा. आपल्या कंपनीची जाहिरात, पेन, टोप्या वाटायला वर्ग वापरायचा नाही. एकदा एक गृहस्थ बचतीचं महत्त्व सांगायला आले आणि पालकांसाठी पॉलिसीचे फॉर्म ठेवून गेले, बाईंनी ते सगळे परत पाठवले, बरं केलं. आणि शिक्षकांना विचारल्याशिवाय काही ठरवायचं नाही. त्यांना परीक्षा आहेत, पेपर तपासायचे आहेत, वर तुम्ही नवीन काम घेऊन येताय. आमच्या बाईंना पहिल्या वर्षी माझा रागच यायचा, ते त्यांनीच नंतर सांगितलं. दुसऱ्या वर्षी त्यांनीच हिशोबाचा भाग घेतला आणि माझ्यापेक्षा चांगला शिकवला, कारण त्यांना शिकवता येतं, मला फक्त छापता येतं.

शाळांनाही एक विनंती. बोलावताना नुसते मोठ्या कंपन्यांचे साहेब नका शोधू. ज्याला महिन्याअखेरीला पैशाची जुळवाजुळव करावी लागते असा माणूस आणा. हिशोबनीस आणा, टेलर आणा, गॅरेजवाला आणा, घरून ऑर्डरी घेणारी बाई आणा. स्टीव्ह मारिओटी म्हणून अमेरिकेत एक गृहस्थ, आधी आयात-निर्यातीचा धंदा करायचे, मग न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांमध्ये शिक्षक झाले, आणि त्यांच्या लक्षात आलं की एरवी हाताबाहेर असलेली पोरं धंद्याचं बोलणं निघालं की ऐकतात. त्यातून 1987 मध्ये त्यांनी गरीब वस्त्यांतल्या मुलांना उद्योजकता शिकवणारी संस्था काढली. साधा माणूस, साधा धंदा, पण गोष्ट स्वतःची.

आणि ज्यांनी धंदा बंद केलाय, त्यांना माझं खास आमंत्रण. लाजून घरी बसू नका. तुमच्याकडे जे आहे ते यशस्वी माणसाकडे नाही, त्याला स्वतःलाच नीट माहीत नसतं आपलं कशामुळे जमलं ते. तुम्हाला मात्र कुठल्या महिन्यात, कुठल्या सहीमुळे गाडी घसरली ते तारखेनिशी माहीत असतं. ते पोरांना सांगा, पोरं हसत नाहीत, मी सांगून बघितलंय.

जवळच्या शाळेत जा, मुख्याध्यापकांना भेटा, आठवड्याला एक तास मागा, बारा आठवड्यांसाठी. पहिल्यांदा नाही म्हणतील. मला दोनदा म्हणाले होते.

आपली,
एक वाचक, माजी छापखानावाली